आधी मोज, मग सही कर

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचा चहा झाला होता आणि आमची नात जेवणाच्या टेबलावर वही पसरून लिहीत बसली होती. ती सातवीत आहे. शाळेतून निबंध घालून दिला होता, विषय ‘प्रामाणिकपणाचे महत्त्व’. मी कौतुकानं जवळ गेलो, तर काय पाहतो! समोर आईचा मोबाइल उभा करून ठेवलेला, त्यावर मैत्रिणीच्या वहीच्या पानाचा फोटो, आणि आमची नात त्यातला शब्द न् शब्द आपल्या वहीत उतरवते आहे. अक्षर मात्र मोत्याच्या दाण्यासारखं.

मी म्हटलं, ‘‘अगं, निदान हा निबंध तरी स्वतःचा लिही!’’

मान वर न करता ती म्हणाली, ‘‘आजोबा, यात स्वतःचं काय लिहायचं? सगळ्यांचं सारखंच असतं. खोटं बोलू नये, चोरी करू नये. मग हरिश्चंद्र, मग गांधीजी. झाला निबंध.’’ आणि मग एकदम पेन थांबवून तिनं विचारलं, ‘‘तुम्ही तर एवढी वर्षं बँकेत होतात. तुम्ही कधी अप्रामाणिकपणा केलात?’’

‘‘कप ठेवून येतो,’’ असं म्हणून मी स्वयंपाकघराकडे वळलो.

पोरीचं एक म्हणणं खरं होतं. प्रामाणिकपणाची माहिती तिच्याजवळ पुरेपूर होती. कुणी परीक्षा घेतली असती तर तिला पैकीच्या पैकी गुण पडले असते. माहितीत काही उणं नव्हतं, मग उणं होतं ते कुठे? चांगलं काय हे कळणं आणि चांगलं वागणं यांच्यामध्ये एवढी मोठी दरी का असावी? आणि ती ओलांडायला माणूस शिकतो तरी कसा?

हा प्रश्न आजकालचा नव्हे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये प्लेटोनं ‘मेनो’ नावाचा एक संवाद लिहिला. त्याच्या आरंभीच मेनो हा तरुण सॉक्रेटिसला विचारतो, की सद्गुण शिकवता येतो का? की तो सरावानं येतो? की जन्मतःच अंगी असावा लागतो? सॉक्रेटिस नेहमीप्रमाणे सरळ उत्तर देत नाही. पुढे तो थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या थोर सेनानीचं उदाहरण काढतो. या गृहस्थानं आपल्या मुलाला घोडेस्वारी अशी शिकवली होती, की पोरगा घोड्याच्या पाठीवर ताठ उभा राहून भाला फेकत असे. म्हणजे बापाला शिकवण्याची हौस होती, शिक्षक उत्तम होते, मुलगाही मठ्ठ नव्हता. पण बापाचं शहाणपण आणि मोठेपण काही मुलात उतरलं नाही. ते शिकवण्यासारखं असतं, तर बापानं शिकवलं नसतं का?

थेमिस्टोक्लीससाठी अथेन्सला जायला नको. आमच्या लहानपणी तिन्हीसांजा झाल्या, की देवापुढे बसून शुभंकरोति, पाढे आणि मनाचे श्लोक म्हणावे लागत. समर्थांचे ते २०५ श्लोक आमच्या आळीतल्या एका मुलाला सगळेच्या सगळे पाठ होते. त्याची आई अभिमानानं त्याला पाहुण्यांपुढे उभा करी. हाच मुलगा शेजारच्या परसातले पेरू काढण्यात आम्हा सर्वांचा पुढारी होता, आणि पकडला गेला की दुसऱ्याचं नाव सांगण्यातही. श्लोकांचा यात काही दोष नाही. पण पाठांतराची जागा वेगळी आणि वागण्याची जागा वेगळी, एवढं मला तेव्हापासून कळलं आहे. वागणं कुठून येतं, हे मात्र पुष्कळ उशिरा, बँकेच्या काउंटरमागे कळलं.

मी बँकेत लागलो १९८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. वर्षभरानं एका तालुक्याच्या गावी मला कॅशवर बसवलं. तेव्हा संगणक नव्हते. पितळी टोकनं, जाडजूड लेजरं आणि कार्बन घालून लिहिलेल्या चिठ्ठ्या. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. तिजोरीला दोन किल्ल्या, एक हेड कॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघंही समोर असल्याशिवाय ती उघडायची नाही.

आमचे हेड कॅशियर पन्नाशी ओलांडलेले, बुटके आणि अतिशय तिरसट गृहस्थ होते. तासातासाला बिडी लागायची. नीतीवर त्यांना कधी बोलताना मी ऐकलं नाही. पण नोटांच्या बंडलाच्या चिठ्ठीवर सही करण्यापूर्वी ते बंडल दोनदा मोजत, एकदा या बाजूनं आणि एकदा उलटं करून. समोर गर्दी असो, मॅनेजर येऊन उभे राहिलेले असोत, दुसरी मोजणी चुकायची नाही.

एका संध्याकाळी माझी कॅश शंभर रुपयांनी जास्त आली. माझ्या तेव्हाच्या पगाराचा तो साधारण दहावा हिस्सा होता. कॅश कमी आली की ती कॅशियरनं पदरची भरायची, आणि आदल्याच महिन्यात मी पंचाहत्तर रुपये भरलेले होते. त्यामुळे माझ्या मनानं ताबडतोब हिशेब मांडला. मी हळूच म्हटलं, ‘‘मागे माझे पंचाहत्तर गेलेत. त्यात वळते करून घेऊ या का?’’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आता व्याख्यान ऐकावं लागणार, अशी माझी खात्री झाली. ते एवढंच म्हणाले, ‘‘आधी मोज.’’

मोजली. पुन्हा शंभर जास्त. ‘‘व्हाउचरं काढ.’’

जास्त आलेली रोकड संकीर्ण खात्यात जमा करून मोकळं होता येत असे. तसं केलं असतं तरी नियमाप्रमाणे आम्ही निर्दोष होतो. पण त्यांनी मला दिवसभराची सगळी व्हाउचरं एकेक करून बघायला लावली, आणि स्वतः बिडी न ओढता शेजारी बसून राहिले. साडेआठच्या सुमाराला सापडलं. व्हाउचरच्या पाठीवर आम्ही दिलेल्या नोटांचा तपशील लिहीत असू. अकराशे रुपयांच्या एका व्हाउचरमागे माझ्याच हातानं लिहिलेलं होतं, शंभराच्या दहा. अकरावी नोट मी दिलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते मला घेऊन त्या खातेदाराच्या वाडीवर गेले. मुलीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी पैसे काढून नेलेला साधा शेतकरी होता तो. मी नोट पुढे केली आणि विचारलं, ‘‘तुम्ही मोजले नव्हते का?’’ तो म्हणाला, ‘‘घरी येऊन मोजले की. पर परत येऊन सांगितलं असतं, तर तुमी खरं धरलं असतं का?’’

मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या वाटेवर हेड कॅशियर खिडकीबाहेर बघत होते. गाव आल्यावर उतरताना म्हणाले, ‘‘उद्यापासून दोनदा मोजत जा. आधी मोज, मग सही कर.’’

प्रामाणिकपणावर मी आयुष्यात ऐकलेलं सर्वांत मोठं भाषण ते हेच. त्या दिवसापासून मी दोनदा मोजू लागलो. पहिले काही आठवडे कंटाळा यायचा, मग सवय झाली. वर्षाभरानं अशी गत झाली, की एकदाच मोजून सही करायला गेलं तर हात अडखळायचा. पैसे ठेवून घ्यावेत हा विचार जिंकला की हरला, असा प्रश्नच उरला नाही. तो विचार यायचाच बंद झाला.

पुढे कधीतरी ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र वाचनात आलं, तेव्हा मी चपापलो. प्लेटोचा हा शिष्य म्हणतो, की घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो, तसा न्यायानं वागून वागून तो न्यायी होतो. आधी चांगुलपणा मनात तयार होतो आणि मग तो हातून घडतो, असं नव्हे. आधी हातून घडत राहतो, मग मनात मुरतो. आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. रागाची माहिती पुस्तकात मिळते, पण गळा तयार होतो तो रियाजानं. आणि रियाज गुरूसमोर बसून करायचा असतो, म्हणजे चुकलेला सूर तिथल्या तिथे पकडला जातो.

इथपर्यंत सगळं गोड आहे. वाचकांना वाटेल, झालं, चांगल्या सवयी लावा की काम फत्ते! पण गोष्ट एवढी सोपी नाही, आणि तेही मला त्याच हेड कॅशियरांनी दाखवून दिलं. एकदा आम्ही काही मंडळी जवळच्या जत्रेला निघालो. त्यांचा नातू बरोबर होता. पोराला बारा वर्षं पुरी होऊन गेली होती. पण कंडक्टर आल्यावर हे गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘अकरावं चालू आहे. अर्धं द्या.’’ मी थक्क झालो. दुसऱ्याच्या शंभर रुपयांसाठी साडेआठपर्यंत बसणारा माणूस एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी खोटं बोलला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती.

मला तेव्हा हा ढोंगीपणा वाटला. आता तसं वाटत नाही. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघा अभ्यासकांनी १९२० च्या दशकात सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत पारखलं होतं. पेपर स्वतः तपासायला दिला तर मुलं उत्तरं बदलतात का, खेळात फसवतात का, हाती आलेले पैसे ठेवून घेतात का, असे ते प्रसंग. त्यांचे निष्कर्ष १९२८ पासून प्रसिद्ध झाले आणि पुष्कळ सज्जनांना ते आवडले नाहीत. वर्गात कॉपी करणारं मूल खेळात सचोटीनं वागे, खेळात फसवणारं मूल पैशाला हात लावत नसे. आणि नीतीचे नियम कोणाला किती ठाऊक आहेत, यावरून ते मूल प्रत्यक्षात कसं वागेल याचा फारसा अंदाज बांधता येत नव्हता. आमच्या पेरूचोर पाठांतरवीराला हा शेरा अगदी चपखल बसतो.

याचा अर्थ मी असा लावतो. रियाज ज्या जागी झाला, त्या जागेपुरता तो पक्का होतो. हेड कॅशियरांचा हात काउंटरवर तयार झाला होता, एसटीत नाही. एका जागची सचोटी दुसऱ्या जागी आपोआप चालत जात नाही, तिला हाताला धरून न्यावं लागतं. आणि तशी नेली नाही तर काय होतं, याचा दाखला द्यायला मला दुसऱ्याकडे बोट दाखवायची गरज नाही.

१९८६ साली मला अधिकारीपदावर बढती मिळाली आणि मी एका ग्रामीण शाखेत गेलो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली गरीब कुटुंबांना दुभत्या जनावरांसाठी कर्जं देण्याचा तो काळ. कर्जाच्या जनावराचा विमा उतरवलेला असे आणि ओळखीसाठी त्याच्या कानात विमा कंपनीचा बिल्ला ठोकलेला असे. जनावर मेलं तर दाव्याबरोबर तो बिल्ला दाखवायचा. बिल्ला नाही तर दावा नाही, असा कडक नियम. अधूनमधून गावात जाऊन जनावर डोळ्यांनी पाहून अहवाल लिहायचा, हे माझं काम.

तेव्हा बँकांचं हिशेबाचं वर्ष डिसेंबरअखेर संपत असे. १९८७ च्या डिसेंबरात वसुली, नवी कर्जं, ताळेबंद अशी नुसती धावपळ होती, आणि माझ्याकडे वीस-बावीस तपासण्या राहिल्या होत्या. एका रात्री मी त्या सगळ्या टेबलावर बसून ‘केल्या’. प्रत्येक कागदावर तेच लिहिलं, ‘जनावर पाहिले. तब्येत चांगली. कानात बिल्ला आहे.’ खाली सही. नोटा दोनदा मोजल्याशिवाय सही न करणारा हाच हात.

त्या गठ्ठ्यात एका विधवा बाईचा कागद होता. तिच्या म्हशीच्या कानातला बिल्ला दिवाळीनंतर कुठेतरी तुटून पडला होता. बाजारच्या दिवशी तिनं ते आमच्या शिपायाला सांगितलं होतं, शिपायानं मला सांगितलं होतं, आणि ‘गेल्यावर बघू’ म्हणून मी ते विसरून गेलो होतो. गेलो असतो तर नवा बिल्ला बसवला गेला असता. फेब्रुवारीत म्हैस मेली. बिल्ला नव्हता म्हणून विम्याचा दावा फेटाळला गेला, आणि एवढ्यावर थांबलं नाही. डिसेंबरात बँकेच्या अधिकाऱ्यानं बिल्ला पाहिला आहे, मग तो दोन महिन्यांत गेला कुठे, असा प्रश्न निघाला. बाईनं विम्याची म्हैस विकली आणि दुसऱ्याच कुणाचं मेलेलं जनावर दाखवलं, असा संशय घेतला गेला. माझ्या एका ओळीनं ती खरी बाई खोटी ठरली.

मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘‘तुम्ही स्वतः पाहिला होतात ना बिल्ला?’’

मी म्हणालो, ‘‘हो.’’

घरात लहान मूल होतं, वडील आजारी होते, चौकशी लागली असती तर वेतनवाढ थांबली असती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यातलं एकही कारण त्या ‘हो’पेक्षा मोठं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. चांगलं काय, याची माहिती माझ्याजवळ पुरेपूर होती, आमच्या नातीसारखीच.

बाईनं मजुरी करून दोन-तीन हप्ते भरले, मग थकली. पुढे १९९० साली केंद्र सरकारनं दहा हजारांपर्यंतची थकलेली शेती आणि ग्रामीण कर्जं माफ केली, त्यात तिचं कर्ज निघालं. तो कागद द्यायला मीच तिच्या घरी गेलो. तिनं गुळाचा चहा केला. कागदावर अंगठा उमटवून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘साहेब, सरकारनं माफ केलं, लई उपकार झाले. पर म्हस माझीच हुती हो.’’

मी चहा पिऊन उठलो आणि जीपमध्ये बसलो.

निवृत्तीनंतर या विषयावरची काही पुस्तकं चाळताना मला त्या डिसेंबरची रात्र पुनःपुन्हा आठवली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींना विषय दिला होता बायबलातल्या दयाळू वाटसरूच्या कथेचा, जो रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करतो. वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत पडलेला होता. तो प्रयोगकर्त्यांनीच बसवलेला. उशीर झाला आहे, पळा, असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले १० टक्के थांबले. ज्यांच्या हाताशी वेळ होता, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. भाषणाचा विषय दयेचा होता की दुसरा, यानं विशेष फरक पडला नाही. दयेवर बोलायला निघालेला माणूस घाईत असला, तर दयेला ओलांडून पुढे जातो. मी म्हशीला ओलांडून गेलो तसा.

दुसरा अभ्यास २०१९ चा. ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक ‘हरवलेली’ पाकिटं हॉटेलं, टपाल कचेऱ्या, बँका अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली गेली, आणि मालकाला कोण कळवतं ते पाहिलं. तुम्हीआम्ही काय म्हणू? रिकामं पाकीट परत येईल, भरलेलं गडप होईल. झालं उलटंच. पैसे असलेली पाकिटं रिकाम्यांपेक्षा जास्त प्रमाणात परत आली, आणि ज्या तीन देशांत रक्कम आणखी वाढवली, तिथे आणखी जास्त आली. अभ्यासकांचं म्हणणं असं, की रक्कम मोठी झाली की आपण चोर आहोत हे स्वतःपासून लपवता येत नाही, आणि तसं स्वतःकडे पाहणं माणसाला सोसत नाही.

ही बातमी मोठी दिलासा देणारी आहे, पण तिची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. मोठ्या मोहाच्या वेळी माणूस जागा होतो, घसरतो तो लहानसहान जागी. त्या रात्री कुणी मला हजार रुपयांची लाच देऊ केली असती, तर मी ती फेकून दिली असती आणि घरी येऊन बायकोला अभिमानानं सांगितलं असतं. पण ‘बिल्ला आहे’ हे दोन शब्द कुणी विकत घेत नव्हतं. त्यात चोरीचा वास नव्हता. अर्धं तिकीट, मैत्रिणीच्या वहीतला निबंध, न पाहिलेली म्हैस, या गोष्टींवर ‘पाप’ अशी पाटी लावलेली नसते. म्हणून रियाज करायचा तो इथेच.

मग हा रियाज घडतो कसा? मला आयुष्यात तीन गोष्टींनी शिकवलं असं वाटतं. पहिली म्हणजे शेजारी बसून दाखवणारं माणूस. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातली आई मुलाला समोर बसवून नीतीचे तास घेत नाही. मुलाला न्हाऊ घालताना, वाढताना, अंगणात काम करताना ती त्याला घडवते. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हटून बसलेल्या श्यामसाठी ती आपला पदर पसरते, आणि तिथूनच मनाच्या स्वच्छतेकडे वळते. शिकवण प्रसंगाला चिकटलेली असते, म्हणून ती टिकते.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यवस्था. तिजोरीच्या दोन किल्ल्या म्हणजे अविश्वास, असं मला नोकरीच्या सुरुवातीला वाटे. आता वाटतं, ती दुसरी किल्ली माझ्यावरचा उपकार होती. थकलेल्या, घाईतल्या, अडचणीतल्या माणसाला त्याच्याच मोहापुढे एकटं सोडायचं नाही, हा तिचा अर्थ. म्हशी तपासायला माझ्याबरोबर दुसरं कुणी जायचं असतं, तर ती रात्र आलीच नसती. घरातही हे लागू आहे. परीक्षेतल्या गुणांसाठी मुलांच्या मागे हात धुऊन लागायचं आणि वर प्रामाणिकपणाची अपेक्षा करायची, म्हणजे त्या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना ‘पळा’ म्हणून सांगण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, ती म्हणजे चुकल्यावर कबूल करणं. गांधीजींनी आत्मकथेत सांगितलं आहे, की पंधराएक वर्षांचे असताना भावाचं पंचवीसेक रुपयांचं कर्ज फेडण्यासाठी त्यांनी त्याच्याच कड्यातलं थोडं सोनं कापून काढलं. ते मनाला लागून राहिलं. बोलायचं धैर्य होईना, म्हणून चिठ्ठी लिहून त्यांनी ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील रागावले नाहीत, मारलं नाही. वाचताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, चिठ्ठी फाडली आणि ते पुन्हा आडवे झाले. गांधीजी हे आयुष्यभर विसरले नाहीत. पण ते अश्रू दिसायला आधी चिठ्ठी द्यावी लागली, हे आपण विसरतो. निबंधात गांधीजी येतात, ती चिठ्ठी येत नाही.

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, तेव्हा मी निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा शाखाधिकारी होतो. बाहेर रस्त्यापर्यंत रांगा, आत माणसं रडकुंडीला आलेली. एका रात्री साडेनऊला नव्यानंच लागलेल्या एका मुलाची कॅश दोन हजारांनी जास्त आली. दमलेल्या आवाजात तो म्हणाला, ‘‘सर, जमा करून टाकू का? उद्या बघू.’’ मी बोललो तेव्हा आवाज माझा नव्हता, पस्तीस वर्षांमागचा होता. ‘‘आधी मोज.’’ आणि मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. कुणाची ती नोट होती ते अकराच्या सुमाराला सापडलं. थेमिस्टोक्लीसला जे जमलं नाही, ते एका बिडी ओढणाऱ्या हेड कॅशियराला काही अंशी जमलं होतं, असं मला त्या रात्री वाटलं. अर्ध्या तिकिटाचं खोटं वजा जाता.

हे सगळं मी नातीला सांगितलं. त्या दिवशी नव्हे, दोन दिवसांनी. तिनं म्हशीची गोष्ट अगदी मन लावून ऐकली आणि विचारलं, ‘‘मग त्या आजींना तुम्ही नंतर खरं सांगितलंत?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि बँकेला?’’

‘‘नाही.’’

ती काही बोलली नाही. निबंध फाडून तिनं नवा लिहायला घेतला, असंही काही झालं नाही. तसं झालं असतं तर ती माझ्या एखाद्या कादंबरीतली नात ठरली असती. निबंध होता तसाच शाळेत गेला, दहापैकी आठ गुण मिळाले. पण वही दाखवायला आणली तेव्हा ती आठवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘आजोबा, हे माझे नाहीत ना?’’ मी म्हटलं, ‘‘तूच ठरव.’’ सुरुवात म्हणून एवढं पुरे आहे.

हातानं लेजर लिहायच्या काळात आम्हाला एक शिस्त होती. चुकलेली नोंद खोडरबरानं पुसायची नाही, शाई ओतून झाकायची नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यावं. वर बरोबर ते लिहायचं आणि शेजारी आपली सही करायची. म्हणजे चूक काय होती, दुरुस्ती कुणी केली, हे पुढच्या माणसाला दिसतं.

ती बाई आज हयात असण्याचा संभव कमी. पण तिच्या गावात हे पान जात असेल, तिचं कुणी वाचतही असेल. तेव्हा अडतीस वर्षांनी का होईना, ती नोंद दुरुस्त करतो. १९८७ च्या डिसेंबरात मी ती म्हैस पाहिली नव्हती. कानातला बिल्ला आधीच पडलेला होता, आणि मावशी खरं बोलत होती. म्हैस तिचीच होती.